मूळ पदवी, गुरुवारी बारापर्यंत

“लिही, रेमीहिया,” लिसेन्सियादो फिदेन्सियो बारागान छताकडे पाहत म्हणाले. “‘निसर्गाने शंभर वर्षांतून एकदाच घडवलेला हा मेंदू, ज्याच्यासमोर गुन्हेगार आपणहून कबुली देऊ लागतात, ज्याची नजर भिंतीपलीकडचं पाहते आणि ज्याचं नाक’... नाकाबद्दल काय म्हणावं?”

“सर्दी झालीय म्हणावं,” मी म्हटलं.

“‘ज्याचं नाक दोन कोसांवरून संशयाचा वास घेतं.’ आणि मेंदूच्या आधी ‘नम्र’ घाल.”

मी ‘नम्र’ घातलं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात अशीच टाइप करते आहे. प्रकरणं बदलतात, मेंदू तोच राहतो. मागच्या प्रकरणात या मेंदूने हरवलेला पोपट मालकाच्याच पिंजऱ्यात शोधून काढला होता, आणि त्यालाही चार दिवस लागले होते.

आमच्या पोसो वेर्दे गावात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. कायदा शिकलेला असेल तर लिसेन्सियादो. काही न शिकता टाय लावत असेल तरी लिसेन्सियादो. यंत्रं शिकलेला इंजिनियर, घरं शिकलेला आर्किटेक्ट. चौकात गाड्या राखणारा म्हातारा चूक होऊ नये म्हणून सरसकट सगळ्यांनाच लिसेन्सियादो म्हणतो. एकदा बिशप गाडीतून उतरले, त्यांनाही म्हणाला. बिशपांनी त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट आशीर्वाद दिले.

आमच्या लिसेन्सियादोंनी कायद्याचे सगळे पेपर दिले आहेत. प्रबंध तेवढा राहिलाय. विषय ठरलेला आहे, पहिलं वाक्यही ठरलेलं आहे, आणि या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तोवर भिंत उघडी दिसू नये म्हणून त्यांनी अकरा प्रशस्तिपत्रकं टांगली आहेत. त्यांतलं एक टपालाने गुप्तहेरी शिकल्याचं आहे आणि एक निवडुंगाची निगा राखण्याच्या अर्ध्या दिवसाच्या शिबिराचं.

त्या सोमवारी जिन्यावरून धापा टाकत आला तो इंजिनियर लेओबार्दो. वरच्या वस्तीतला, तिशीचा, सरळ मुलगा.

“लिसेन्सियादो, माझी पदवी गेली.”

“कोण म्हणतं? पदवी ही रक्तात असते.”

“माझी भिंतीवर होती. काल होती, आज नाही. आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत ती नगरपालिकेत दाखवायचीय.”

गोष्ट अशी होती. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. लेओबार्दोची निवड पक्की होती, फक्त मूळ पदवी समोर ठेवायची होती. ती ठेवली नाही तर जागा आर्किटेक्ट ओलेगारिओला. ओलेगारिओची पदवी अस्सल होती, आणि महापौरांचा मेहुणा असल्याची त्याची दुसरी पदवी त्याहून अस्सल. वरच्या वस्तीत आठवड्यातून एकदा, मंगळवारी, टँकरने पाणी येतं. लेओबार्दो लहानपणी बादल्या वाहतच मोठा झाला, त्यामुळे कोणता नळ कुठे तुंबतो हे त्याला पाठ होतं. ओलेगारिओच्या अंगणात कारंजं होतं.

“आईला मात्र कळता कामा नये,” लेओबार्दो म्हणाला. “आठ वर्षं लोकांचे कपडे धुऊन तिने मला शिकवलं. पदवी गेली म्हटलं तर तिचं काळीज बसेल. सकाळीच मी त्या जागेवर माझा कोट टांगून आलोय.”

“शाबास,” लिसेन्सियादो म्हणाले. “संपूर्ण गुप्तता. आजपासून त्या घरात ‘पदवी’ हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. ‘ती वस्तू’ म्हणायचं. रेमीहिया, हे टाइप कर.”

“‘ती वस्तू’ टाइप करू की ‘पदवी’?”

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

आम्ही लेओबार्दोच्या घरी पोचलो तेव्हा त्याची आई, दोन्या एल्पीदिया, दारातच उभी होती. आमच्याकडे पदवी नसलेल्या थोरल्या बाईला मानाने ‘दोन्या’ म्हणतात. बुटकी, पांढऱ्या वेणीची, हातांना कायमचा साबणाचा वास. “लिसेन्सियादो स्वतः आले,” ती म्हणाली. “म्हणजे नोकरीचं काम मोठंच दिसतंय. कॉफी टाकते.”

लिसेन्सियादोंनी कोट बाजूला केला. पिवळट भिंतीवर पदवीएवढा पांढरा चौकोन होता, मध्ये खिळा, आणि खिळ्याला एक वाळलेली, विणलेली झावळी.

“अहाहा,” लिसेन्सियादोंनी भिंग काढलं. “धुळीचा कण नाही. चोराने जाताना भिंत पुसली. खिळासुद्धा पुसला. हा सराईत माणूस आहे.”

“भिंत पुसणारा चोर मी अजून पाहिला नाही,” मी म्हटलं.

“म्हणून तू टाइप करतेस. आणि ही झावळी बघ. ही टोळीची खूण. ते प्रत्येक चोरीच्या जागी अशी एक सोडून जातात.”

“लिसेन्सियादो, ही ईस्टरच्या आधीच्या रविवारची, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली झावळी आहे. घराला नजर लागू नये म्हणून लावतात. माझ्या दारामागे आहे. तुमच्याही आहे, मीच लावलीय.”

“माझ्या दारामागे?” त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे टोळी माझ्यापर्यंत पोचलीय.”

एवढ्यात दोन्या एल्पीदिया कॉफी आणि गोड पाव घेऊन आली. लिसेन्सियादोंनी झटकन कोट पुन्हा टांगला. “दोन्या, आम्ही एका नाजूक वस्तूबद्दल बोलतोय. तुम्ही जरा आत बसा.”

“बसते की. मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली आणि गेली.

मंगळवारी आम्ही ओलेगारिओच्या कचेरीत गेलो. लिसेन्सियादोंचा तर्क त्यांच्या परीने सरळ होता. ज्याला फायदा, तो चोर. ओलेगारिओने नुकतीच एक नवी चौकट टांगल्याचं त्यांनी न्हाव्याकडून ऐकलं होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पदवीवर लावायचा फोटो लंबगोल, काळा-पांढरा असतो. त्यात चष्मा चालत नाही, दाढी चालत नाही, हसणं तर नाहीच. कपाळ पूर्ण उघडं हवं आणि दोन्ही कान पूर्ण दिसायला हवेत. त्यामुळे देशातले सगळे पदवीधर, डॉक्टर असोत की हिशेबनीस, नुकतेच तुरुंगात आणलेल्या एकाच माणसासारखे दिसतात.

लिसेन्सियादोंनी खिशातून लेओबार्दोच्या पदवीची झेरॉक्स काढली. प्रतींची टंचाई नव्हती. सरकारी कचेरीतल्या प्रत्येक खिडकीवर एक द्यावी लागते म्हणून लेओबार्दोने चाळीस काढून ठेवल्या होत्या. फक्त नगरपालिकेला नुसती प्रत चालत नव्हती. लिसेन्सियादोंनी ती ओलेगारिओच्या भिंतीवरच्या पदवीशेजारी धरली आणि आळीपाळीने दोन्हींकडे पाहिलं.

“तोच माणूस,” ते कुजबुजले.

“कोण?” ओलेगारिओ म्हणाला.

“तेच कपाळ, तेच कान. तुम्ही लेओबार्दोची पदवी चोरून त्यावर स्वतःचं नाव घातलंत. हलू नका, कान मोजतो.”

त्यांच्याकडे फूटपट्टी असते. त्यांनी आधी फोटोतला कान मोजला, मग ओलेगारिओचा. फोटोतला बारा मिलिमीटर निघाला, ओलेगारिओचा सात सेंटिमीटर.

“वाढलाय,” लिसेन्सियादो म्हणाले. “कान आयुष्यभर वाढतात. हे शास्त्रीय सत्य आहे.”

ओलेगारिओ शांतपणे उठला. “लिसेन्सियादो, तुमची पदवी कुठल्या वर्षाची?”

“प्रबंध चालू आहे.”

“मग तो पूर्ण करायला घरी जा.” त्याने दार उघडून धरलं. माझ्यासाठी मात्र मान लववली. मेहुणे झाले तरी माणसाला रीत असते.

बुधवारी लिसेन्सियादोंना नवं काही सुचलं. पदवी चोरीला गेलीच नाही, ती मुळात नव्हतीच. लेओबार्दो तोतया आहे. “बघ ना, तो कधी फुशारकी मारत नाही. खरा इंजिनियर असं वागेल का?” हा तर्क मला पहिल्यांदाच जरा पटला.

आम्ही विद्यापीठात फोन लावला. पाऊण तासाने एक बाई फोनवर आली.

“लेओबार्दो नावाच्या माणसाला तुम्ही पदवी दिली का?” लिसेन्सियादोंनी विचारलं.

“मूळ पदवी घेऊन खिडकी क्रमांक चारवर या. मग सांगता येईल.”

“ती हरवलीय.”

“मग नवीन प्रतीसाठी अर्ज करा. आठ महिने लागतात. अर्जाला मूळ पदवी जोडा.”

“मूळ असती तर अर्ज कशाला केला असता?”

“त्याचं कारण वेगळ्या कागदावर लिहा. खिडकी क्रमांक सात.”

तपास कुठवर आला ते विचारायला आलेला लेओबार्दो आठ महिने ऐकून खुर्चीत खाली सरकला. मला त्याचं वाईट वाटलं. त्याला नगरपालिकेची गाडी नको होती, टेबलावरची पितळी पाटीही नको होती. वरच्या वस्तीला जाणाऱ्या नळात कुठेतरी एक झडप चुकीच्या बाजूने बसवलेली आहे, एवढंच त्याला दुरुस्त करायचं होतं. पण पदवीशिवाय त्या झडपेला हात लावायची सोय नव्हती. ज्याच्याकडे पदवी होती, त्याला झडप कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं.

मी त्या तीनही दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये गेले. परीक्षा आणि पदव्या हे खातं आमच्याकडे सान होसे दे कुपेर्तीनो या संताकडे आहे. ते स्वतः अभ्यासात कच्चे होते असं सांगतात. परीक्षकाने नेमका त्यांना येत असलेला एकच प्रश्न विचारला आणि ते पास झाले. म्हणून विद्यार्थी दुसऱ्या कुठल्या विद्वान संताच्या वाटेला जात नाहीत. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकले, डोळे गच्च मिटले आणि म्हटलं, “लेओबार्दोची पदवी दाखवा.” तीन दिवस हेच. हे लक्षात ठेवा, कारण मला पुढे लाज वाटायची आहे.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता लिसेन्सियादोंनी सगळ्यांना लेओबार्दोच्या बैठकीच्या खोलीत जमवलं. सगळ्यांना म्हणजे लेओबार्दो, मी, आणि मुद्दाम बोलावलेले नोटरीसाहेब, ज्यांना आपल्याला का बोलावलंय हे माहीत नव्हतं. दोन्या एल्पीदिया कॉफी घेऊन आली.

“आता मी गुन्हेगाराचं नाव सांगणार,” लिसेन्सियादो म्हणाले. “विषय गंभीर आहे. ज्यांना पदवी नाही त्यांनी कृपया स्वयंपाकघरात थांबावं.”

नोटरींनी लिसेन्सियादोंकडे पाहिलं. लिसेन्सियादो हलले नाहीत. दोन्या एल्पीदिया आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

ती बीन्स निवडायला बसली. मीही हात घातला. पलीकडून लिसेन्सियादोंचा आवाज येत होता: टोळी, झावळी, कान.

“तीन दिवस काय चाललंय गं हे?” ती म्हणाली. “लेकरू जेवत नाहीये. कोट भिंतीला, स्वतः थंडीत कुडकुडतंय. ती ‘वस्तू’ म्हणजे आहे तरी काय?”

मी जिभेवर बंधन घालायचा रोज प्रयत्न करते. त्या दिवशी ते सुटलं. “दोन्या, त्याची पदवी हरवलीय. आज बारापर्यंत दाखवली नाही तर नोकरी जाईल.”

“हरवली कुठे? मी नेली.”

बीन्स माझ्या हातातून सांडल्या.

“कुठे नेली?”

“सान होसेकडे. नवस होता. पास झाला की वर्षभर घरी टांगीन, मग संताच्या सणाला त्यांच्या भिंतीवर. रविवारी सण होता. भिंत चांगली पुसून घेतली, खिळा रिकामा दिसू नये म्हणून झावळी लावली.”

“मुलाला सांगितलं का नाही?”

“तो झोपला होता. उठल्यावर म्हणाला, ‘आई, आज कामात आहे.’ नंतर लिसेन्सियादो आले, म्हणाले आत बसा. मी आत बसले.”

ती भिंत सान होसेंच्या वेदीला लागूनच आहे. मी तीन संध्याकाळी तिच्यापासून दोन हातांवर, डोळे मिटून, तीच पदवी मागत होते. संतांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं. मी पाहायचं तेवढं राहिलं होतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. लिसेन्सियादो नेमके “म्हणून गुन्हेगार आहे विद्यापीठाची खिडकी क्रमांक सात” इथवर आले होते.

चर्चमध्ये आम्ही साडेदहाला पोचलो. भिंतीवर कुबड्या, कापलेल्या वेण्या, लहान मुलांचे बूट, लग्नाचा एक पोशाख, आणि मधोमध वीसेक पदव्या होत्या, लंबगोल फोटोतून कान दाखवत.

“गोदाम,” लिसेन्सियादो दबक्या आवाजात म्हणाले. “टोळीचं गोदाम सापडलं. रेमीहिया, लिही. या नीच लोकांनी लंगड्यांच्या कुबड्यासुद्धा सोडल्या नाहीत.”

लेओबार्दोने बाक ओढला आणि चौकटीला हात घातला.

“हात खाली,” दोन्या एल्पीदिया म्हणाली.

“आई, दोन तासांसाठी नेतो.”

“दिलेलं परत घेतात का? थर्मोडायनॅमिक्समध्ये तीनदा नापास झालास. चौथ्यांदा कोणी पास केलं?”

“मी अभ्यास केला होता.”

“अभ्यास तीनदाही केला होतास.”

लेओबार्दो बाकावर बसला आणि त्याने डोकं हातांत धरलं. समोर त्याची नोकरी चार खिळ्यांनी भिंतीला ठोकलेली होती, आणि त्याच्या आईपुढे कोणाचं चालणार नव्हतं.

मी रोज नगरपालिकेचे अर्ज टाइप करते. “नियमात ‘मूळ पदवी’ आहे, पण पुढे ‘किंवा नोटरीने मुळाशी ताडून पाहिलेली प्रत’ असंही आहे,” मी म्हटलं. “प्रत इथे आहे. मूळ भिंतीवर आहे. नोटरी इथे आहेत.”

नोटरींना आपण का आलो ते आता कळलं, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते बाकावर चढू लागले.

“थांबा,” दोन्या एल्पीदिया म्हणाली. “नवस अर्धाच फिटलाय. कागद माझ्या वाट्याचा होता. फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर, हे त्याच्या वाट्याचं. ते झाल्याशिवाय तिथे कोणी चढायचं नाही.”

“हे मी कधी कबूल केलं?” लेओबार्दोने विचारलं.

“मी केलं. तू परीक्षेत होतास.”

फाटकापासून वेदीपर्यंत नव्वद पावलं आहेत, अर्धी खडबडीत दगडावर. लेओबार्दो मुलाखतीच्या सुटात, टायसकट, गुडघ्यांवर निघाला. अकराला दहा मिनिटं कमी होती. बाजारातून जाणाऱ्या बायका थांबल्या. दोघीतिघींनी त्याच्या गुडघ्यांखाली आपल्या शाली अंथरल्या. दोन्या एल्पीदियाने त्या एकेक करून उचलल्या. “कबूल करताना शाली नव्हत्या,” ती म्हणाली. लिसेन्सियादो शेजारून चालत त्याला धीर देत होते: “छान, इंजिनियर. उजवा गुडघा जरा मागे पडतोय.” वेदीशी पोचेपर्यंत मागे शंभरेक बायका जमल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक वरच्या वस्तीतल्या होत्या, आणि मंगळवारचं पाणी संपल्यामुळे त्यांच्या हातांत रिकाम्या बादल्या होत्या.

मग नोटरी चढले. फोटो, शिक्का, सह्या, एकेक अक्षर ताडून पाहिलं. अंधार होता म्हणून त्यांनी लिसेन्सियादोंचं भिंग मागून घेतलं. एकोणीस वर्षांत त्या भिंगातून प्रथमच काहीतरी दिसलं.

आम्ही नगरपालिकेत बाराला सात मिनिटं कमी असताना शिरलो. बायका मागोमाग. समोर महापौर आणि ओलेगारिओ घड्याळाकडे पाहत बसले होते. कारकुनाने कागद मोठ्याने वाचला: “‘सदर प्रत मुळाशी ताडून पाहिली. मूळ पदवी सान होसे दे कुपेर्तीनो यांच्या ताब्यात असून, मुक्काम त्यांच्या वेदीची उजवी भिंत.’ हे गृहस्थ आपल्याच गावचे का?”

“सतराव्या शतकातले आहेत,” लिसेन्सियादो म्हणाले. “पण माझा त्यांच्यावर पहिल्यापासून संशय होता.”

“माझी हरकत आहे,” ओलेगारिओ उठून म्हणाला. “ज्याच्या ताब्यात मूळ आहे त्याची सही कुठेय?”

महापौरांनी लेओबार्दोच्या पँटकडे पाहिलं. दोन्ही गुडघे फाटले होते आणि त्यांतून रक्त दिसत होतं. मग त्यांनी दारातल्या बायका आणि बादल्या पाहिल्या. निवडणूक वसंतात होती. ‘संताचा ताबा ग्राह्य नाही’ हे वाक्य त्यांना चारचौघांत म्हणावं लागणार होतं, आणि ते त्यांच्या तोंडातून निघेना.

“मेहुणे,” ते ओलेगारिओला म्हणाले, “सहीसाठी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना विचारून या.”

ओलेगारिओ खाली बसला. घड्याळात बारा वाजले, शिक्का पडला.

लिसेन्सियादो मला हळूच म्हणाले, “लिही, ‘नम्र मेंदूने संशयिताला संतापर्यंत पिटाळत नेलं.’” मी लिहिलं. खोटं लिहिल्याबद्दल संध्याकाळी जादा जपमाळ ओढायची असं तेव्हाच ठरवलं. त्यांच्याकडे काम करायला लागल्यापासून माझा जप चांगलाच वाढला आहे.

कारकुनाने नेमणुकीचं पत्र लेओबार्दोच्या हातात दिलं. “इंजिनियर, एक सूचना. दर दोन वर्षांनी तपासणी होते. मूळ पदवी कार्यालयात लावलेली हवी.”

“ती मिळायची नाही,” दोन्या एल्पीदिया म्हणाली. “पण पुढची लावू की. आता हा मोठी पदवी करणार, तिच्या वरची. ती ऑफिसात टांगा. मी संताशी बोलून ठेवलंय.”

लेओबार्दोचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. “आई,” त्याने विचारलं, “या वेळी काय कबूल केलंयस?”

तिने शाल नीट केली.

“आधी अर्ज तर भर.”